धुरपदामावशी तुलनेला जाते

धुरपदामावशीचा आवाज सुरतेच्या उधन्यात प्रसिद्ध होता. गल्लीच्या तोंडाशी उभी राहून तिने हाक मारली की मेन रोडवरचे टेम्पो ब्रेक मारायचे. फक्त ज्याला हाक मारली तो तिचा नवरा, हिलालभाऊ, थांबायचा नाही. तो आपला सायकल हातात धरून संथपणे कामावर निघून जायचा. मावशी कमरेवर हात ठेवून त्याच्या पाठीकडे बघत राहायची आणि मग माझ्याकडे वळून म्हणायची, "देखं का बाई? हाऊ माणूस मनं कधी आयकसच नही."

मी त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहायचे. म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकवायचे म्हणून गल्लीने मला 'बाई' करून टाकलं होतं. माझं नाव सुरेखा आहे हे बहुतेक फक्त पोस्टमनला माहीत असावं. गल्लीतली जवळजवळ सगळी घरं खानदेशातली. कुणी शिरपूरकडचं, कुणी साक्रीकडचं, बोली सगळ्यांची अहिराणी. बाप्ये लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. लूमच्या कारखान्याला तिथे 'खातं' म्हणत, आणि एक खातं तर आमच्या मोरीच्या भिंतीला लागूनच होतं. दिवसरात्र खटखट चालू. नवीन माणूस आला की पहिला आठवडा कपाळाला हात लावून बसायचा. पुढे त्याला ती खटखट बंद पडली की जाग यायची.

हिलालभाऊ तरुणपणापासून लूमवर. सडपातळ, शांत, मिशीतल्या मिशीत हसणारा. मावशी भांडायला उभी राहिली की तो तसाच हसायचा, आणि त्या हसण्याने मावशीच्या अंगाची आग व्हायची. "हसस! माले देखीसन हसस! जशी काय मी तमाशा शे!" या विषयावर ती एकटीच दोन्ही बाजूंनी भांडायची, कारण समोरून काही यायचंच नाही. लेक सुषमा लग्न होऊन कोसाडला गेली होती. तीही म्हणायची की बापाने आपल्याशी कधी धड गप्पा मारल्या नाहीत. एकूण हिलालभाऊ म्हणजे घुमा, हेकट आणि आतल्या गाठीचा माणूस, असं गल्लीचं पक्कं मत होतं.

प्लेगच्या साथीचं वर्ष होऊन गेलं होतं. त्यानंतर शहर साफ झालं आणि आमच्याकडे विचारणाऱ्यांची रीघ लागली. पाणी उकळता का, उंदीर दिसतात का, संडास कुठे आहे. लोक कंटाळून दार लावून घ्यायचे. अशातच एका दुपारी विद्यापीठातली उज्ज्वला आली. मानसशास्त्र शिकत होती. वडील बँकेत, राहणं अठवा लाईन्सच्या उच्चभ्रू भागात, मराठी पुण्याला शोभेल अशी आणि मध्ये मध्ये गुजराती. शिक्षिका आहे म्हणून कुणीतरी तिला माझ्याकडे पाठवलं होतं.

"ताई, बायकांच्या मनावरच्या ताणाचा अभ्यास करतेय," ती म्हणाली. "कुणी बोलायला तयार होईल का?"

मी तिला धुरपदामावशीच्या दारात नेऊन उभं केलं. माझा हेतू अगदी शुद्ध होता असं मी म्हणणार नाही. मला त्या दुपारी पेपर तपासायचे होते आणि मावशी कुणाशीतरी बोलत राहिली तर माझ्याशी बोलणार नव्हती.

उज्ज्वलाने आधी सगळं समजावलं. नाव लिहिणार नाही, आकडा लिहीन. कुणाला सांगणार नाही. आणि मधेच वाटलं की नको, तर तुम्ही थांबू शकता, मला राग येणार नाही.

मावशी या शेवटच्या वाक्यावर अडकली. "मधमाच थांबाले चाले?"

"हो मावशी. कधीही."

"कारण सांगनं पडी?"

"नाही."

मावशीने मला नजरेनेच विचारलं, ही पोरगी शुद्धीवर आहे ना? मग पदर सावरून बसली. पहिले काही प्रश्न नीट गेले. मग उज्ज्वलाने विचारलं, "गेल्या महिन्यात विनाकारण रडू आलं का? कधीच नाही, कधीतरी, बरेचदा की नेहमी?"

"थांब," मावशी म्हणाली. "आते माले सांगनं नही."

उज्ज्वलाने पेन खाली ठेवलं, कागद पिशवीत घातले आणि म्हणाली, "बरं मावशी. त्रास दिला, माफ करा." आणि खरंच उठली की हो! राग नाही, टोमणा नाही, 'एवढं काय विचारलं' नाही. मावशी तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने उज्ज्वलाचा हात धरून तिला पुन्हा चटईवर बसवलं.

"बस वं. मी देखी राह्यनथू, तू खरी शे का खोटी. चाल, इचार पुढलं."

त्या दिवशी उज्ज्वला अंधार पडायच्या सुमाराला बाहेर पडली. मावशीने स्वतःची उत्तरं दिली होतीच, शिवाय समोरच्या मंदाची, मंदाच्या सासूची आणि घरमालक मगनभाईच्या बायकोचीही देऊन टाकली होती, कारण तिच्या मते त्या बाया खरं सांगणार नव्हत्या. विनाकारण रडण्याबद्दल ती म्हणाली की तिला विनाकारण कधी रडू आलं नाही, ते कारण प्रत्येक वेळी घरातच असतं आणि त्याला मिशा आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर ती मला म्हणाली, "बाई, आजलगून माले कोनी काहीच इचारं नही. लगीन करतांना इचारं नही, सुरतले आनतांना इचारं नही. ही पोरगी मनं मन कसं शे ते इचारस." आणि लगेच, "परत कवय येस ती?"

मधेच थांबता येतं, हे मात्र तिने फारच मनावर घेतलं. तिचे सोळा सोमवार चालू होते. ते तिने अर्ध्यावर सोडले. मंदा घाबरून म्हणाली, "मावशी, देवाचं शे!" तर मावशी म्हणाली, देवाला विचारलंय, त्याला राग आला नाही. पुढच्या आठवड्यात एका बारशाला यजमानीणबाई स्वतःच्या सुनेबद्दल बोलत सुटल्या तेव्हा मावशी ताटावरून उठली आणि "मी आते मधमाच थांबस" म्हणून घरी आली. विद्यापीठाचा आमच्या गल्लीवर एवढा परिणाम आधी कधी झाला नव्हता.

उज्ज्वला पुन्हा आली, आणि मग येतच राहिली. एकदा तिला स्मरणशक्तीचा प्रयोग करायचा होता. ती शब्द वाचून दाखवायची आणि थोड्या वेळाने मावशीने ते परत सांगायचे. लिंबू, खुर्ची, नदी, मीठ, असे साधे शब्द. मावशीने डोळे मिटून ऐकले आणि छातीठोकपणे म्हणाली, "लिंबू, मीठ, मिरची, वांगं."

"वांगं नव्हतं मावशी. मिरचीपण नव्हती."

"नव्हतं? लिंबू शे, मीठ शे, मंग वांगं कसं नही? तू वाचाले चुकनी व्हशी."

दुसऱ्यांदा ती नदी आणि खुर्ची यांना एकत्र आणू शकली नाही, तेव्हा तिने दोघांनाही वगळलं. एकदा काळ्या डागांची चित्रं दाखवली आणि काय दिसतं ते सांगा म्हटलं. मावशीला पहिल्यात चपलेने मारलेलं झुरळ दिसलं, दुसऱ्यातही झुरळच, पण हे अजून मेलेलं नव्हतं. तिसऱ्यात तिला आपली सासू दिसली. उज्ज्वलाला हसू आवरेना. प्रयोग करणाऱ्याने हसायचं नसतं असं ती म्हणाली आणि पुन्हा हसली.

हे सगळं हिलालभाऊ खाटेवर बसून बघायचा. मिशीतल्या मिशीत हसायचा.

मग उज्ज्वलाने पीएचडी करायचं ठरवलं, आणि विषय घेतला कारखान्यातला गोंगाट आणि घरातली चिडचिड. तिच्या सरांनी कानाच्या डॉक्टरांशी बोलून तपासणीचं यंत्र मिळवलं होतं. आता तिला लूमवरची माणसं हवी होती. आदल्या रात्रीपासून खात्यात गेलेली नसावीत, म्हणजे कानांना आराम मिळालेला असावा. सुट्टीच्या दिवशी यावं, बंद खोलीत बसावं, आवाज आला की बटण दाबावं. एवढंच.

एकही माणूस तयार होईना. मंदाचा नवरा लोटू चार वर्षं लूमवर काढून आता रिक्षा चालवायचा, त्याने सगळ्यांच्या वतीने कारण सांगितलं. "सेठला कळलं की कान गेले, तर उद्या घरी बसवील. मग विद्यापीठ आमच्या पोटाला घालील का?" उज्ज्वलाने नाव लिहिणार नाही वगैरे सांगून पाहिलं. लोटू म्हणाला, "सगळे असंच म्हणतात." बाकीच्यांनी माना डोलावल्या. उज्ज्वला रडकुंडीला आली.

तेव्हा मावशी पुढे झाली. "मना कान तपास."

"मावशी, तुम्ही लूमवर नाही ना," उज्ज्वला म्हणाली. मग तीच विचारात पडली. "अरे, पण लूमवर नसलेली माणसंपण लागणारच आहेत. तुलनेसाठी."

तुलना म्हणजे काय ते मी मावशीला समजावलं. एका पारड्यात लूमवाले, दुसऱ्या पारड्यात तू. झालं. ठेवणीतलं लुगडं, नाकात नथ, हातात रुमाल. गल्लीत ज्याने त्याने विचारलं त्याला उत्तर एकच, "तुलनेले जास." मगनभाई ओट्यावर पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "आ तुलना कोण छे? एनी वेवाण?" त्यांना वाटलं, मावशी विहिणीकडे निघाली.

विद्यापीठाने ही तपासणी एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत मांडली होती. जाड दाराची, आतून गादीसारखी मऊ भिंत असलेली एक पेटी. तिला काचेची खिडकी. बाहेर यंत्रापाशी गजेंद्र नावाचा तरुण तंत्रज्ञ बसायचा. जळगावचा, अतिशय गंभीर चेहऱ्याचा. मावशीला कानावर यंत्राचे भोंगे लावून आत बसवलं आणि दार लागलं.

अर्ध्या मिनिटात मावशी आतून दार ठोकू लागली. उघडल्यावर घामाघूम. "आत काहीच वाजत नही!"

"तेच तर हवंय मावशी," गजेंद्र म्हणाला.

"अरे, पन काहीच नही! मना छातीमा धडधड व्हई राह्यनी ती आयकू येस माले. माणूस मरस तवय असंच ऱ्हात व्हई."

खटखटीशिवायची जागा तिला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळाली होती आणि ती तिला मुळीच मानवली नाही. उज्ज्वला म्हणाली, नको तर थांबू या. पण तुलना अर्धवट सोडायची मावशीची तयारी नव्हती. ती पुन्हा आत बसली आणि बटणाचा असा काही सपाटा लावला की गजेंद्र डोकं खाजवू लागला. त्याने आवाज सोडायच्या आधीच बटणाला जोडलेला बाहेरचा दिवा लागत होता. मावशीचा हिशेब सरळ होता. नापास व्हायचं नाही, मग दाबत राहावं. गजेंद्रने तिला दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा हात जोडले. मग कुठे परीक्षा नीट पार पडली.

कान उत्तम निघाले. गजेंद्र म्हणाला, या वयात असे कान क्वचित. मावशी रिक्षातून उतरल्या उतरल्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याला म्हणाली, "मना कान चांगला शेतस! सरकारी यंत्रनी सांगं! बहिरा कोनी व्हई तर तू शेस!"

ओट्यावर सात-आठ बाप्ये बसले होते. सगळे हसले. हिलालभाऊने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग बायकोच्या तोंडाकडे. 'बहिरा' हा शब्द त्याने बहुतेक ओठांवरून ओळखला. पहिल्यांदाच त्याची मिशी हसली नाही.

"मी बहिरा नही," तो म्हणाला. "मी आयकस बठ्ठं. जबाब देस नही, इतलंच."

"मंग जाय ना पेटीमा! दाखाड!"

"जासू."

अशा रीतीने, शास्त्राची सेवा वगैरे काही मनात नसताना, फक्त बायकोला खोटं पाडायला हिलालभाऊ उज्ज्वलाच्या अभ्यासातला लूमवरचा पहिला माणूस झाला.

सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. हिलालभाऊने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. उज्ज्वलाने त्याच्यासमोर कागद धरून सगळं सांगितलं. तो मान डोलवत होता. "समजलं ना काका?" त्याने मान डोलवली. "मावशी आणि ताई इथे बाहेर बसल्या तर चालेल?" मान. मग ती कागदात बघत म्हणाली, "तुमचं वय काय?" त्याने पुन्हा मान डोलवली.

उज्ज्वला थांबली. तिने गजेंद्रकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून ती हिलालभाऊच्या अगदी समोर, तोंडासमोर तोंड येईल अशी बसली आणि सगळं पहिल्यापासून, सावकाश, खालच्या पट्टीत सांगितलं. हातांनी दाखवलं. या दोघी इथे काचेतून बघतील, चालेल? नको असेल तर बाहेर पाठवते.

"बसू द्या," हिलालभाऊ म्हणाला. "तिले बी कळू द्या."

तो आत गेला. दार लागलं. गजेंद्रने सुरुवातीला जाडे, घुमणारे आवाज सोडले. दिवा लागला. पुन्हा सोडला, पुन्हा लागला. मावशी माझ्या कानात पुटपुटली, "देखं? आयकू येस त्याले. ढोंगी शे." मग गजेंद्र वरच्या पट्टीत चढला. त्याने खटका दाबला. दिवा लागला नाही. त्याने आवाज वाढवला. दिवा नाही. आणखी वाढवला. हिलालभाऊच्या कानावरच्या भोंग्यातली बारीक शिट्टी जाड दाराच्या फटीतून बाहेर आमच्यापर्यंत पोचली. मला आली ऐकू. मावशीला तर आलीच. हिलालभाऊ बटणावर अंगठा ठेवून, जीव एकवटून, अगदी शाळेतल्या मुलासारखा ताठ बसून वाट बघत होता.

"दाब ना!" मावशी काचेपाशी जाऊन ओरडली. "अरे वाजी राह्यनं! दाब ना!"

काचेमागे हालचाल दिसली म्हणून त्याने वर पाहिलं. बायको ओरडतेय हे त्याला दिसलं. आणि तो मिशीतल्या मिशीत हसला.

मी तेव्हा मावशीकडे बघत होते. तिचा हात काचेवर होता तो तिथेच राहिला. ज्या हसण्यावर ती इतकी वर्षं जळत आली होती ते हसणं तिने पहिल्यांदा स्वतःचा आवाज बंद करून पाहिलं. त्यात माज नव्हता, टिंगल नव्हती. काय बोलतायत ते कळत नाही, पण समोरचं माणूस आपलं आहे, तेव्हा हसावं, असं ते हसू होतं. परगावचे लोक परक्या भाषेपुढे हसतात तसं.

ती मागे येऊन बाकावर बसली आणि तिने डोक्यावरून पदर पुढे ओढला.

हिलालभाऊ बाहेर आला तो खुशीत. "झाये? पास?" गजेंद्रने उज्ज्वलाकडे पाहिलं. डॉक्टर आत होते, त्यांना बोलावलं. त्यांनी हिलालभाऊच्या समोर बसून, मोठ्याने आणि सावकाश सांगितलं. लूमच्या आवाजाने कानातली बारीक आवाज ओळखणारी जागा मेली आहे. जाडा आवाज येतो. ट्रक, ढोल, बाप्यांचं बोलणं बरंचसं. बारीक आवाज येत नाही. पाखरं, सायकलची घंटी, लहान पोरं.

"आणि बायका?" मीच विचारलं.

डॉक्टर जरा घुटमळले. "आवाज किती बारीक त्यावर आहे. यांच्या घरच्यांसारखा असेल तर... भांडं पडल्यासारखं काहीतरी ऐकू येत असेल. शब्द नाहीत."

हिलालभाऊला एवढं सगळं कळलं. त्याने एकदा स्वतःच्या कानाला हात लावून पाहिला. मग म्हणाला, "माले वाटे, सुषमा मनासंगे बोलतच नही. व्हट हालाडस नुसती."

परतीच्या रिक्षात मावशी एक शब्द बोलली नाही. उधना दरवाजा गेला, नाका गेला, मावशी गप्प. हिलालभाऊ घाबरला. तिच्या तोंडासमोर वाकून म्हणाला, "काय व्हयनं वं? बोलस का नही?"

पदराआड रडून मावशीला सर्दी झाली होती. नाक ओढत, अगदी जाड, बसलेल्या आवाजात ती म्हणाली, "बोलीसन काय करू आते?"

"काय करू म्हंजे? बोल!" तो म्हणाला. आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याला ऐकू आलं होतं.

हा शोध रिक्षात, माझ्या डाव्या बाजूला लागला. त्याचं श्रेय विद्यापीठाला नाही, सर्दीला आहे. दुसऱ्या दिवसापासून मावशीने घरात बाप्याच्या आवाजात बोलायला सुरुवात केली. "जेवाले ये," असा घुमणारा आवाज त्यांच्या खोलीतून आला तेव्हा मंदाला वाटलं की मावशीच्या अंगात आलं. तिने लिंबू-मिरची आणली. आठवड्यात मावशीचा घसा बसला तो बसलाच, पण तिला युक्ती सापडली. पाठीमागून हाक मारायची नाही. समोर जाऊन उभं राहायचं, खालच्या पट्टीत बोलायचं. सुषमा माहेरी आली तेव्हा तिलाही तसंच शिकवलं. बाप-लेक खाटेवर समोरासमोर बसले, आणि सुषमाने सासरची एकेक गोष्ट सांगितली. हिलालभाऊ मधे मधे तिला प्रश्न विचारत होता. ती उठून आत आली आणि पाण्याच्या माठापाशी उगाचच उभी राहिली.

इकडे तपासणीची बातमी गल्लीत फिरली, पण फिरता फिरता तिचं रूप पालटलं. 'विद्यापीठाच्या यंत्राने सिद्ध झालं की हिलालला बायकोचं ऐकू येत नाही,' एवढंच लोकांच्या ध्यानात राहिलं. पुढच्या सुट्टीला दवाखान्याच्या दाराशी ही रांग! जे सेठच्या भीतीने महिनाभर हलत नव्हते ते दाढ्या करून, डोक्याला तेल लावून हजर. प्रत्येकाला तसा कागद हवा होता. "बाई, त्याच्यावर शिक्का मिळंल ना?" एकाने मला विचारलं. "घरी दाखवायला लागतो."

उज्ज्वला त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होती की कागद मिळणार नाही, नाव कुठे लिहिणार नाही. पण आता कोण ऐकतंय. बायकाही मागोमाग आल्या. त्यांना बघायचं होतं की खरा बहिरा कोण आणि सोंगाड्या कोण. मंदा दारातच बसली. लोटू लूम केव्हाच सोडून बसलेला, पण घरात त्याचं वागणं मात्र पक्क्या बहिऱ्याचं. तो पेटीतून बाहेर आला तेव्हा मंदाने उज्ज्वलाला गाठलं. "काय निघालं?"

"ते मी सांगू शकत नाही. त्यांचं त्यांच्याजवळ."

"मला नका सांगू. नुसतं हो किंवा नाही."

"तेही नाही सांगता येत."

मंदाने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. एवढं रडवेलं तोंड करून माणूस निरोगी कानांची बातमी घेऊन बाहेर येत असेल, तर ते आमच्या उधन्यातच. त्या संध्याकाळी लोटूने पहिल्याच हाकेला पाणी भरलं.

हसण्यावारी बरंच गेलं, पण उज्ज्वलाचं काम झालं. वर्षभराने तिने गल्लीत येऊन काय निघालं ते सगळ्यांना सांगितलं. मगनभाईंनी ओटा दिला, मी शाळेतला फळा आणला. ती खालच्या पट्टीत, सावकाश बोलली, फार मोठे शब्द वापरले नाहीत. जितकी जास्त वर्षं लूमवर, तितके कान जास्त गेलेले. आणि घरात भांडणं जास्त होतात त्याला कारण स्वभाव नसून बरेचदा कान आहेत. शेवटी विचारलं, कुणाला काही विचारायचंय?

हिलालभाऊने हात वर केला. आयुष्यात त्याने कधी भरल्या सभेत तोंड उघडलं नव्हतं.

"गयात ते कान परत येतीन?"

"नाही काका," उज्ज्वला म्हणाली. तिने ते गोड करून सांगितलं नाही. "गेलेले येत नाहीत. राहिलेत ते वाचवता येतात."

मोरीच्या भिंतीमागे खटखट चालूच होती. मग तिने कानात घालायचे मऊ बोळे वाटले. किती जणांनी वापरले ते काय सांगावं. काहींनी खात्यात घातले, काहींनी घरी येऊन घातले. सेठ लोकांपैकी एकानेही मशीन बदललं नाही. हिलालभाऊ मात्र बोळे घालून जायचा, आणि कुणी हसलं की तोही हसायचा. त्याला ते हसणं ऐकू यायचं नाही, सवय होती.

मावशीला आता विद्यापीठाची चटकच लागली होती. झोपेचा अभ्यास असो, साखरेचा असो, रागाचा असो, ती पहिली. गल्लीतल्या बायकांना धरून न्यायची, आणि नेण्याआधी नळावर त्यांची तयारी करून घ्यायची. "झुरळ दिसस म्हन. सासू सांगू नको, ते मी सांगेल शे." एका आठवड्यात सगळ्या उधन्याला एकाच चित्रात झुरळ दिसायला लागलं तेव्हा उज्ज्वलाच्या सरांनी चौकशी केली. उज्ज्वला येऊन मावशीसमोर हात जोडून उभी राहिली. "मावशी, तुम्ही आता कशातच येऊ नका. तुम्हाला सगळे प्रश्न पाठ झालेत. अभ्यासाला ताजं माणूस लागतं."

"म्हंजे? मी बिघडी गऊ का?"

"बिघडला नाहीत हो. तुम्ही फारच... तयार झालात."

मावशी दोन दिवस रुसून बसली. तिसऱ्या दिवशी उज्ज्वलाच्या घरी भरताची वांगी घेऊन गेली आणि तिच्या आईला नवऱ्याबद्दल, संसाराबद्दल बारीक बारीक प्रश्न विचारून आली. प्रत्येक प्रश्नाला कधीच नाही, कधीतरी, बरेचदा की नेहमी, असं ठरवून द्यायला लावलं. उज्ज्वला म्हणाली, तिची आई पहिल्यांदाच कुणापुढे एवढं खरं बोलली.

माझी बदली झाली तेव्हा मी त्यांचा निरोप घ्यायला गेले. दोघं खाटेवर समोरासमोर बसून भांडत होती. विषय बहुतेक सुषमाच्या सासरच्या लग्नाला कधी निघायचं हा होता. मावशीचा आवाज खाली आलेला, हिलालभाऊचा वर चढलेला. तो आता तिच्या प्रत्येक वाक्याला उत्तर देत होता, आणि पुष्कळदा बरोबर देत होता.

मावशी मला बघून उठली आणि दारापर्यंत आली. "बाई, तुमले एक सांगू का?" ती म्हणाली. "बहिरा व्हता तेच बरं व्हतं. आते काही बोलाची सोय राह्यनी नही."

"काय सांगी राह्यनी तिले?" खाटेवरून हिलालभाऊ म्हणाला.

"काही नही!" ती त्याच्याकडे वळून, जाड आवाजात म्हणाली. मग माझ्या हातात गूळ-शेंगदाण्यांची पुरचुंडी ठेवली आणि आत गेली, भांडण जिथे सोडलं होतं तिथून पुढे चालू करायला.